वर्दी पुस्तकातली ओळ

2021च्या फेब्रुवारीत भंगाराच्या गोदामाला आग लागली, त्या वर्दीवर, म्हणजे आगीच्या कॉलवर, माझे हे गेले होते. हे अग्निशमन दलात. पहाटे घरी आले ते खोकतच. बेसिनमध्ये थुंकले तर थुंकी काळीकुट्ट. "धूर फार होता गं," एवढंच बोलले आणि आडवे झाले. दुसऱ्या संध्याकाळी दवाखान्यात दाखल केलं, सहाव्या दिवशी गेले. वय 40, नोकरी 18 वर्षांची.

मृत्यूच्या कागदावर कारण लिहिलं होतं न्यूमोनिया. त्या एका शब्दाने मला दीड वर्ष दारोदार फिरवलं. दिवस कोरोनाचे. यांची चाचणी निगेटिव्ह होती, तरी आस्थापना विभागात सांगितलं, "आजाराने गेले, ड्युटीवर नाही." फॅमिली पेन्शन सुरू झाली, कारण हे नोव्हेंबर 2005च्या आधी लागलेले, जुन्या पेन्शनमधले. ग्रॅच्युइटी, फंड, शिल्लक रजेचे पैसेही वारस दाखल्यावर मिळाले. पण कर्तव्यावर मृत्यू म्हणून जी भरपाई असते, तिची फाइल हलेना. 14 एप्रिलला, 1944च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या अग्निशमन दलाच्या 66 जवानांना मानवंदना देतात त्या दिवशी, मला स्टेशनवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. मी ते घेतलं आणि तिथेच रडले. यांचं नाव शहीद म्हणून घेतलं गेलं होतं आणि कागदावर ते आजारी होते.

यांच्याबरोबर काम केलेले एक निवृत्त लीडिंग फायरमन घरी आले. म्हणाले, "वहिनी, आधी वर्दी पुस्तकाची, आगीच्या कॉलची नोंद असते त्या वहीची, नक्कल मागा. मग दवाखान्याचा पहिला केस पेपर." दोन्हींसाठी लेखी अर्ज केला, पोच घेतली. वर्दी पुस्तकात रात्री 1 वाजून 40 मिनिटांची नोंद, गाडीवरच्या माणसांत यांचं नाव. केस पेपरवर दाखल करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, 'आगीच्या धुरात काम केल्यानंतर त्रास सुरू'. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. या दोन कागदांवर छातीच्या डॉक्टरांनी दाखला दिला की न्यूमोनिया धुरामुळेच झाला.

मग वकिलांनी 1923च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली दावा लावला. त्या कायद्याच्या अनुसूचीत अग्निशमन दलाच्या नोकरीचा स्पष्ट उल्लेख होता, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दाव्याची मुदत मृत्यूपासून 2 वर्षांची होती. पगार कितीही असला तरी हिशेबाला तेव्हा महिना 15,000 रुपयेच धरत. त्याचे निम्मे 7,500, आणि 40 वयाला कायद्यात दिलेला गुणक 184.17. झाले 13,81,275 रुपये. वर उशिराचं 12 टक्के व्याज. पैसे त्या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडेच जमा होत, वाटणीही तेच करत. सासूबाईंना हिस्सा, मला हिस्सा, दोन्ही मुलांचे सज्ञान होईपर्यंत बँकेत.

अनुकंपेचा, म्हणजे गेलेल्या कर्मचाऱ्याच्या घरच्याला नोकरी मिळण्याचा, अर्ज मी तेव्हाच्या एक वर्षाच्या मुदतीत स्वतःच्या नावाने दिला. प्रतीक्षा यादीत नंबर अजून यायचा आहे.

दलातल्या बायकांना माझं एकच कळकळीचं सांगणं: माणूस धुरातून खोकत आला की त्याला झोपू देऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना सांगा, "आगीवरून आलेत, तसंच लिहा." मी एक दिवस उशीर केला. तो दिवस मला अजून झोपू देत नाही.