कोयता तुळशीपाशी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम. कोयता घरोघरी असतोच. दुपारी 112 वर फोन आला होता. एक तरुण अंगणात कोयता परजत उभा आहे, शेजारणीच्या केळी तोडल्या, कुणाला जवळ येऊ देत नाही.

पोचलो तेव्हा पन्नासेक माणसं जमलेली, निम्म्यांचे मोबाइल वर. माझ्याबरोबर तीन शिपाई. त्यांतला सर्वांत तरुण म्हणाला, "सर, तिघं मिळून धरतो. मिनिटाचं काम."

ते मिनिट मी डोळ्यांपुढे आणलं. एक जण कोयत्याच्या टप्प्यात गेला की उरलेल्या दोघांना लाठी डोक्यात घालण्यावाचून गत्यंतर नाही. ती वेळ आपणच आणायची आणि मग डायरीत 'नाइलाज झाला' लिहायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. कायदा अटकेसाठी लागेल तेवढंच बळ देतो. आणि याला तर अजून अटक करायचीही नव्हती.

सायरन बंद केला, गर्दी रस्त्यापलीकडे नेली आणि आम्हीही पंधरा पावलं मागे आलो. मध्ये तुळशीवृंदावन. बोलायचं फक्त मी. चौघं चार हुकूम सोडतात तेव्हा घाबरलेल्याला एकही कळत नाही.

त्याच्या आईने सांगितलं, गोळ्या संपून दोन आठवडे झाले. पोराला झोप नाही.

माझं मराठी त्याच्या कानावरून जात होतं. मग कोंकणीत विचारलं, "उदक जाय तुका?" (पाणी हवंय तुला?) तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं. तांब्या वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवला आणि पुन्हा मागे आलो. तो आला, पण पाणी प्यायला नाही. नुसता उभा राहिला. मधेच वरून फोन, "अजून किती वेळ?" मी म्हटलं, "लागेल तेवढा, सर." त्या उत्तरापायी काय ऐकून घ्यावं लागेल, ते मला ठाऊक होतं.

पन्नास मिनिटं गेली. त्याने कोयता तुळशीपाशी टेकवला, तांब्या उचलला, आणि आईने हाक मारली तसा पायरीवर जाऊन बसला. आम्ही कोयत्यावर झडप घातली नाही. तो बसल्यावर तरुण शिपायाने सावकाश उचलला.

गर्दीतून आवाज आला, "लॉकअपमध्ये घाला!" मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 100 नेमकं तेच करू देत नाही. आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात पोचवायचं; कोठडीत ठेवायचं नाही. आधी जवळच्या केंद्रात, मग रात्री बांबोळीला मनोरुग्णालयात नेलं. बेडी नाही, शेजारी आई.

उतरताना तिने विचारलं, "साहेब, कोयता परत मिळेल ना? काजू अजून झाडावर आहेत."