लेहमध्ये ३३ चे ३७ का दिसतात?

लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "वर पोहोचलात की टायरमधली हवा थोडी कमी करा." वेफर्सचे पाकीट उंचीवर फुगते, तसा टायर फुगून फुटेल अशी भीती त्यामागे असते. पण पाकीट लवचीक असते, तर टायरच्या अंगात पोलादी तारांचे पट्टे असतात आणि त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे हा सल्ला मला घाईचा वाटतो, आणि टीपीएमएसच्या (टायरमधील हवेच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या गाडीतील प्रणालीच्या) पडद्यावरचा आकडा नेमका काय सांगतो हे कळल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नये, असे माझे मत आहे.

हवा भरताना आपण जो आकडा पाहतो, तो टायरच्या आतील एकूण दाब नसून आतील आणि बाहेरील दाबांतला फरक असतो. मुंबईत समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १४.७ पीएसआय असतो. म्हणजे ३३ पीएसआय हवा भरलेल्या टायरमध्ये प्रत्यक्षात ४७.७ पीएसआय दाब असतो. साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेहमध्ये बाहेरचा दाब साधारण ९.५ पर्यंत उतरतो. तापमान तेच राहिले, हवाही गळली नाही, तर तोच टायर तेथे ३८ च्या किंचित वर दाखवील.

प्रत्यक्षात तापमान तेच राहत नाही, आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. अशा टायरमधील हवा दहा अंशांनी थंड झाली, की दाब साधारण दीड पीएसआयने घटतो. मुंबईत ३० अंशांना ३३ भरलेला टायर लेहमध्ये २० अंशांना ३७ च्या आसपास येतो, पहाटे ५ अंशांना ३४ च्या थोडा वर, आणि ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीत शून्य अंशाला साधारण साडेपस्तीस. उंचीमुळे वाढलेला बराचसा दाब थंडी परत घेते.

आता दुपारी उन्हातून, घाट चढून आलेल्या टायरचा विचार करू. आतील हवा ४० अंशांवर असेल, तर आकडा ४० च्या घरात दिसतो आणि घाबरून कोणी तो ३३ वर आणतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर २८ दाखवतो, आणि तसाच मुंबईला परत आला तर २६. कमी हवेचा टायर कडेच्या भिंतीत जास्त वाकतो आणि तापतो, तेव्हा उतारावर सामानाने भरलेल्या गाडीला तो जास्त हवेपेक्षा अधिक धोक्याचा.

दुसरा घोळ सेन्सरचा. चाकात बसवलेला सेन्सर बहुधा एकूण दाब मोजतो आणि त्यातून वातावरणाचा दाब वजा करून पडद्यावर आकडा येतो. काही गाड्या त्या ठिकाणचा खरा वातावरणीय दाब वजा करतात. काही मात्र समुद्रसपाटीचा ठरावीक आकडाच कायम धरून चालतात. दुसऱ्या प्रकारची गाडी लेहमध्ये २० अंशांना ३१ च्या थोडे वर दाखवील, आणि साधा हातातला गेज त्याच व्हॉल्व्हवर साडेछत्तीस. पडद्यावर विसंबून तेथे ३३ दिसेपर्यंत हवा भरली, तर ती प्रत्यक्षात ३८ पर्यंत जाते. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायला एक चांगला गेज पुरतो: उंचीवर दोन्ही आकड्यांत चार-पाच पीएसआयचा फरक पडला आणि खाली तो नव्हता, तर गणित ठरावीक आकड्याचे आहे. अशा गाडीत उंचावर असेपर्यंत गेजवर विश्वास ठेवावा. (एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरांवरून चाकांच्या फिरण्यातला फरक पाहून इशारा देणारी प्रणाली दाब मोजतच नाही, तिला हा प्रश्न नसतो, पण हवा भरल्यावर ती रीसेट करावी लागते.)

चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरील आकडा थंड टायरचा आणि गेजवर दिसणारा असतो. भार तोलणारा दाब आत-बाहेरच्या फरकाचाच असल्यामुळे तो लेहमध्येही तसाच लागू पडतो. म्हणून तेथे हवा बघायची ती पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना. त्या वेळी ५ अंशांना गेजवर ३३ करून निघालेला टायर जम्मूत ३० अंशांना, थंड असताना, ३२ दाखवतो.