मीटरपासून टाकीपर्यंतचे पाणी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे पुढे सर्वांच्या तोंडी बसलेल्या जीबीएसचे, रुग्ण एकामागून एक आढळू लागले आणि सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी ही नावे रोज बातम्यांत येऊ लागली, तेव्हा आमच्या चाळीस घरांच्या सोसायटीतही पाण्याची चर्चा सुरू झाली. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला होता. दूषित अन्न किंवा पाणी पोटात जाते, जुलाब होतात, आणि काही जणांच्या बाबतीत थोड्या दिवसांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असा हा आजार आहे. आमच्याकडे जीबीएसचा एकही रुग्ण नव्हता. जुलाबाच्या तक्रारी मात्र त्याआधीच्या पावसाळ्यापासून अधूनमधून येत होत्या आणि त्या प्रत्येक वेळी बाहेरच्या खाण्यावर ढकलल्या जात होत्या.

कार्यकारिणीच्या बैठकीत पाणी तपासून घेण्याचा ठराव मांडला, तेव्हा पहिला आक्षेप अपेक्षित तोच आला : घरोघरी आरओ आहे, मग तपासणीवर खर्च कशाला? घरातले यंत्र पिण्याच्या पाण्यापुरते असते. दात घासणे, भाजी धुणे, भांडी विसळणे हे सगळे नळाच्याच पाण्याने होते. शिवाय आमचे वॉचमन, त्यांची मुले आणि झाडलोट करणाऱ्या मावशी पार्किंगमधल्या नळाचेच पाणी पितात, आणि जुलाबाच्या तक्रारींची यादी केली तेव्हा वॉचमनच्या खोलीचे नाव त्यात सर्वांत वर होते. हे सभेत सांगितल्यावर विरोध मावळला, पण लगेच दुसरा सूर निघाला, की दोष पालिकेचा आहे, तेव्हा आपण फक्त तक्रारीचे पत्र द्यावे. तक्रार जरूर करावी, पण आपल्या हद्दीत येणारे पाणी कसे आहे हे आधी पाहावे, एवढाच माझा आग्रह होता.

त्यासाठी आम्ही क्लोरोस्कोप, म्हणजे जंतू मारण्यासाठी पाण्यात घातलेला क्लोरीन किती उरला आहे हे दाखवणारा छोटा संच, आणला. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की उरलेल्या क्लोरीनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो आणि तो शेजारच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचा असतो. ग्रामपंचायतींत हीच चाचणी ‘ओटी’ या नावाने ओळखली जाते. (हे रसायन आरोग्याला घातक मानले जाते, त्यामुळे पुढे आम्ही याच चाचणीसाठी मिळणाऱ्या डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळ्यांकडे वळलो. आज सुरुवात करणाऱ्याने थेट त्याच घ्याव्यात.) पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, वापरणाऱ्यापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेले असावे लागते. आम्ही चार ठिकाणी चाचणी घेतली : मीटरजवळ, खालच्या टाकीच्या तोंडाशी, गच्चीवरच्या टाकीत आणि पार्किंगच्या नळाला. मीटरजवळ रंग स्वच्छ पिवळा आला. गच्चीवर आणि पार्किंगमध्ये तो आलाच नाही. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन हळूहळू कमी होतोच, त्यामुळे गच्चीवरच्या निकालाचे फारसे आश्चर्य वाटले नाही. बुचकळ्यात टाकले ते खालच्या टाकीच्या तोंडाने, कारण तिथे एके दिवशी रंग येई आणि दुसऱ्या दिवशी येत नसे.

उलगडा झाला तो वेळ लिहून ठेवू लागल्यावर. पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत टाकीच्या तोंडाशी क्लोरीन शून्य असे आणि नंतर तो हळूहळू मीटरजवळच्या आकड्याला येऊन मिळे. याचा अर्थ, मीटर आणि टाकी यांच्यामधल्या आमच्याच पाइपात, पाणी बंद असताना, क्लोरीन खाऊन टाकणारे काहीतरी शिरत होते. मीटरच्या पुढची वाहिनी सोसायटीच्या मालकीची असते, त्यामुळे पत्र कोणाला लिहायचे हा प्रश्न तिथेच संपला.

आता गळती सिद्ध करायची होती. आमच्या खालच्या टाकीचा तळ पाच मीटर बाय चार मीटर आहे, म्हणजे पाणी एक सेंटीमीटर चढले की दोनशे लिटर भरले. पंप बंद ठेवून, पाणी येण्याच्या वेळेत आम्ही मीटरचे वाचन आणि टाकीतली पातळी अशा दोन्ही नोंदी घेतल्या. मीटरने आठ हजार लिटर दाखवले आणि टाकी चढली एकतीस सेंटीमीटर, म्हणजे सहा हजार दोनशे. उरलेले अठराशे लिटर जमिनीत गेले होते. वर्षानुवर्षे आम्ही उन्हाळ्यात टँकर मागवत होतो आणि पाणी पुरत नाही म्हणून एकमेकांच्या गाड्या धुण्यावर टीका करत होतो, पण मीटर आणि टाकी यांच्यामधल्या पाइपाकडे कोणी पाहिले नव्हते.

पाणी वाया जाणे आणि पाणी दूषित होणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, असे आम्ही तोवर समजत होतो. वाहिनीत दाब असतो तोवर छिद्रातून पाणी बाहेर पडते. पुरवठा थांबला की वाहिनी रिकामी होते, आत ओढ निर्माण होते आणि भोवतालच्या मातीत मुरलेले पाणी त्याच छिद्रातून आत येते. दिवसातून काही तासच पाणी येणाऱ्या प्रत्येक वस्तीत हे रोज घडू शकते. मातीत मुरलेले ते पाणी कसले आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. आमच्या बाबतीत प्लंबरने खोदले तेव्हा गंजलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जवळजवळ चिकटून गेलेला दिसला आणि चेंबरच्या विटांमधून पाझर होता. पिण्याच्या पाण्याची आणि मैलापाण्याची वाहिनी यांत किमान तीन मीटर अंतर ठेवावे, असा संकेत आहे. बांधकाम करणाऱ्याने बहुधा खोदाई वाचवली असावी.

नमुना तपासणीसाठी देतानाची पथ्ये इथे नोंदवतो, कारण बरेच जण बाजारातल्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नमुना भरून नेतात आणि तो निरुपयोगी ठरतो. जिवाणू तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी लागते. पाण्यातल्या क्लोरीनने वाटेत जिवाणू मरू नयेत म्हणून तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, त्यामुळे बाटली विसळायची नाही. धातूच्या नळाचे तोंड ज्योतीने तापवायचे, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यायचे, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरायची, वर थोडी हवा ठेवायची आणि बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोहोचवायची. मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा मैला मिसळल्याची खूण असलेला जिवाणू एकही आढळता कामा नये. आमच्या खालच्या टाकीच्या नमुन्यात ते आढळले आणि अहवालावर ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा आला. क्षार, कठीणपणा, नायट्रेट हे सगळे मर्यादेत होते. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजणाऱ्या खिशातल्या यंत्रावर उत्तम होते. ते यंत्र जिवाणूंबद्दल काहीही सांगत नाही, हे विक्रेते सांगत नाहीत.

दुरुस्तीचा भाग लवकर आटोपला. जुनी वाहिनी सोडून दिली, नवी एचडीपीई प्लास्टिकची वाहिनी इमारतीच्या दुसऱ्या बाजूने नेली आणि चेंबर आतून गिलावा करून घेतला. दोन्ही टाक्या रिकाम्या करून घासल्या आणि क्लोरीनच्या तीव्र द्रावणाने धुतल्या. धुण्यात वाया जाणाऱ्या पाण्यावरून कुरकुर झाली, म्हणून पाणी आधी वापरून तळाशी आल्यावरच काम सुरू केले. पुन्हा दिलेले नमुने निर्दोष आले आणि त्या उन्हाळ्यात टँकरची संख्या स्पष्टपणे घटली. टँकर आलाच तर तो टाकीत रिकामा करण्यापूर्वी त्याचीही चाचणी होते. क्लोरीन नसेल तर ब्लीचिंग पावडर हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने बादलीत कालवून, वरची निवळी टाकीत ओततात आणि अर्धा तास पंप लावत नाहीत.

रोजची नोंद वॉचमन ठेवतात. वही त्यांच्या खोलीत आहे आणि ‘आज रंग आला नाही’ असा फोन सचिवांना करण्याचा अधिकार सभेने त्यांना ठरावाने दिला आहे. पुण्यात दुरुस्तीसाठी एखाद्या गुरुवारी पाणी बंद राहते आणि शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने येते. बाहेरची मुख्य वाहिनीही त्या दिवशी रिकामी राहिलेली असते, म्हणून टाकीच्या अलीकडे एक तोटी बसवून घेतली आहे. शुक्रवारी तिथून पहिली पंधरा मिनिटे पाणी बागेला जाते आणि मग रंग पाहून टाकीचा व्हॉल्व्ह उघडला जातो.