ढाका, डिसेंबर 71 : नियाझीच्या दारावरची ड्यूटी

71 च्या बांगलादेशच्या लढाईचं नाव निघालं की लोकांना गोळीबार ऐकायचा असतो आणि माझ्याकडे तो फारसा नाही. मी तेव्हा नवाकोरा कॅप्टन, 101 कम्युनिकेशन झोनच्या हेडक्वार्टरमध्ये स्टाफवर. म्हणजे नकाशे मार्क करायचे, सिग्नल लिहायचे, कुठल्या पलटणीला किती ॲम्युनिशन गेलं, किती जखमी मागे आले ते रजिस्टरात चढवायचं. नावावरून पिछाडीचं हेडक्वार्टर वाटतं, होतंही तसंच, पण उत्तरेकडून ढाक्याला जायची वाट नेमकी आमच्या वाट्याला आली.

सुरुवातीला काही खरं नव्हतं. कमालपूरची एक सीमाचौकी, आत पाकिस्तानच्या 31 बलुच पलटणीची जेमतेम एक कंपनी, पण त्यांच्या तरुण कॅप्टनने ती तीन आठवडे दाबून धरली आणि 4 डिसेंबरला दाणागोटा संपल्यावरच बाहेर आला, माणेकशांनी त्याला शाबासकीचा निरोप पाठवला, दुश्मन असला तरी. लगेच पुढे आमचे जनरल गिल सुरुंगावर गेले, पाय जायबंदी, आणि त्यांच्या जागी जनरल नागरा आले. मग जमालपूर. आपल्या ब्रिगेडियर क्लेरांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली तर समोरच्या पाकिस्तानी पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरने उत्तरात पेन टाकून स्टेनगन घ्या असं कळवलं आणि पाकिटात एक गोळी घातली. मग एका रात्री ती मंडळी गाव सोडून दक्षिणेकडे निघाली आणि रस्त्यावर 1 मराठा, आपली जंगी पलटण, दबा धरून बसलेली. सकाळपर्यंत त्यांची 200 च्या वर माणसं पडली होती. ते आकडे मी लिहिले, एवढाच माझा जमालपूरशी संबंध.

16 तारखेला सकाळी मीरपूर पुलावर नागरा साहेबांनी पूर्व पाकिस्तानातल्या पाक फौजेचा प्रमुख जनरल नियाझीला जी चिठ्ठी लिहिली, ‘माय डिअर अब्दुल्ला’ने सुरू होणारी, ती आता सगळ्यांना माहीत आहे. साहेब आधी पाकिस्तानात मिलिटरी ॲटॅशे होते, त्यामुळे ओळख जुनी. संध्याकाळचा रेसकोर्सवरचा शरणागतीच्या सह्यांचा फोटोही सगळ्यांनी पाहिलाय. फोटोत दिसत नाही ते असं की सह्या झाल्याबरोबर गर्दी नियाझीच्या अंगावर आली आणि आपल्या ऑफिसर लोकांनी कडं करून त्याला कसाबसा जीपमध्ये घातला.

माझी खरी ड्यूटी तिथून सुरू झाली.

ढाक्यात त्या दिवशी त्यांचे 26 हजारांवर सैनिक आणि आपले शहराच्या आसपास 3 हजार, हा हिशेब पुढे ईस्टर्न कमांडचे चीफ ऑफ स्टाफ जनरल जेकब साहेबांनीच सांगितला, आम्हाला तेव्हा फक्त आपण थोडे आहोत एवढं कळत होतं. त्यामुळे शरण आलेल्यांची हत्यारंसुद्धा काही दिवस त्यांच्याकडेच राहू द्यावी लागली, कारण काढून घेतली असती तर लोकांनी त्यांना रस्त्यात फाडून काढलं असतं. म्हणजे बघा, कॅन्टोन्मेंटच्या एका फाटकावर आपला संत्री आणि पन्नास पावलं आत त्यांचा संत्री, दोघांच्या खांद्याला भरलेल्या रायफली, कैदी कोण हे नवख्याला ओळखू येऊ नये. आत लेफ्टनंट जनरल नियाझी, आदल्या दिवसापर्यंत साडेसात कोटी लोकांचा मार्शल लॉ वाला मालक. गव्हर्नर मलिकांनी तर 14 तारखेलाच, आपल्या मिगांनी गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं टाकली तेव्हाच राजीनामा लिहून रेडक्रॉसच्या आसऱ्याला इंटरकॉन्टिनेंटल हॉटेल गाठलं होतं, त्यामुळे राज्यकर्ता म्हणून उरलेला हाच. आणि त्या फाटकाची जबाबदारी, कुणीतरी मोकळा कॅप्टन पाहिजे म्हणून, माझ्यावर.

18 तारखेला एका बंगाली लायझन ऑफिसरबरोबर मी ढाक्याच्या रायेरबझारला गेलो. कशाला घेऊन चाललाय ते त्याने सांगितलं नाही. वीटभट्टीची जागा, खड्ड्यांत पाणी साचलेलं आणि त्यात माणसं. हात मागे बांधलेले, डोळ्यांवर पट्ट्या. प्रोफेसर, डॉक्टर, पत्रकार, पाक फौजेच्या साथीदार टोळीने, अल्-बदरवाल्यांनी, शेवटच्या दिवसांत घराघरांतून उचलून नेलेले. हृदयरोगाचे मोठे डॉक्टर फझले रब्बी, डोळ्यांचे डॉक्टर अलीम चौधरी, त्यात होते. नातेवाईक नाकाला कापड लावून एकेक चेहरा बघत फिरत होते, कुणी शर्टावरून ओळखत होतं, कुणी मोज्यावरून. मी सिग्नलमध्ये शेकड्यांनी मेलेले लिहिले होते, हे वेगळं होतं. याच्यावर जास्त लिहीत नाही, जमत नाही.

परत आलो तर टेबलावर आतून आलेली चिठ्ठी. बंदी अधिकाऱ्यांपैकी एका वरिष्ठांना (नियाझी नव्हे, नाव देत नाही) दाढीची ब्लेडं हवी होती आणि चहाची पत्ती चांगली नाही अशी तक्रार होती.

गार्ड कमांडर हवालदार साताऱ्याकडचा, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. त्याने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, पत्ती लंगरातून पाठवतो. तुम्ही आज आत जाऊ नका.” जिनिव्हा कन्व्हेन्शन मला पाठ होतं, युद्धकैदी अधिकाऱ्याला त्याच्या हुद्द्याचा आणि वयाचा मान राखून वागवायचं असं त्यात स्पष्ट आहे, ट्रेनिंगमध्ये त्यावर मार्कही चांगले पडले होते. हवालदाराने ते वाचलेलं नव्हतं. ब्लेडं त्याने स्वतःच्या किटमधली दिली, आणि मला अजून सांगता येत नाही की मला त्याचा राग आला की आधार वाटला.

संध्याकाळी फाटकावर मुक्तिबाहिनीची, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी, पोरं जमली. पुढचा विशीचाही नसेल, पायात चप्पल, खांद्याला स्टेन. इंग्रजी बरं होतं, कॉलेजातला असावा. शिवीगाळ नाही, काही नाही, विनंतीच करत होता, की पाच मिनिटं आत सोडा. मी म्हटलं ऑर्डर नाही. तो म्हणाला, तुम्ही आमच्यासाठी आलात की त्याच्यासाठी? चिखल माझ्या बुटांना अजून रायेरबझारचाच होता. याच्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं, मी हवालदाराला सांगून अडथळा पन्नास पावलं पुढे सरकवला, एलएमजी (लाइट मशीनगन) गर्दीला दिसेल अशी लावली, आणि एलएमजीवरच्या जवानाला हळूच मराठीत सांगितलं की काहीही झालं तरी या पोरांवर चालवायची नाही. पोरांना मराठी येत नव्हतं म्हणून निभावलं. रात्री उशिरापर्यंत ती तिथेच बसून होती, मग उठून गेली.

नंतर काही जण म्हणाले नियाझीला लोकांच्या ताब्यात दिलं असतं तर काय बिघडलं असतं. बिघडलं असतं की. आपली किती माणसं पश्चिमेला त्यांच्या कैदेत होती, बांगलादेशचे नेते शेख मुजीब स्वतः तेव्हा पाकिस्तानच्या तुरुंगात होते. हे मला तेव्हाही पटत होतं. पटतं तरी त्या पोराच्या जागी मी असतो तर फाटकावरून उठलो असतो असं वाटत नाही.

20 तारखेला नियाझी, गव्हर्नरचा लष्करी सल्लागार जनरल फरमान अली वगैरे मंडळींना कॅरिबू विमानाने कलकत्त्याला हलवलं, तिथे फोर्ट विल्यम, मग जबलपूरचा कॅम्प, आणि 30 एप्रिल 1974 ला वाघा बॉर्डरवरून नियाझी परत घरी. माझं काम विमानतळाच्या गेटपर्यंतच होतं. तिथे एका मेजरने यादी वाचली, डोकी मोजली आणि सही करून मला कागदाची कॉपी दिली, जनरल असो की स्टोअरचं सामान, फौजेत पावतीशिवाय काही हलत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात युनिटमध्ये अकाउंट्सचं पत्र आलं, ढाक्यात बंदी अधिकाऱ्यांना दिलेली चहापत्ती आणि साखर कुठल्या हेडखाली टाकायची. ब्लेडांचा उल्लेख नव्हता, ती हवालदाराचीच होती. मी ‘ऑपरेशनल’ लिहून पाठवलं, त्यावर पुन्हा क्वेरी आली नाही.