आमची वाटचाल : गळक्या टाक्या घेणारा माणूस

2008 मध्ये रविवारच्या जुन्या बाजारातून मासे पाळायची एक तीन फुटी काचेची टाकी उचलली, तीनशे रुपयाला. विकणारा म्हणाला एक थेंब गळत नाही साहेब, आणि खोटं नव्हतं ते, रिकामीच होती ना. घरी आणून भरली तर सकाळी खालच्या काकू बादली घेऊन दारात! तीन बाय एक बाय दीड म्हणजे सव्वाशे लिटर पाणी, ते कुठंतरी जाणारच. मेहुणा तेव्हा काचेच्या दुकानात कामाला होता, त्यानं काच कापायचा हिरा कसा चालवायचा आणि सांधे बुजवायच्या सिलिकॉनची गन कशी ओढायची ते शिकवलं, तिथनं गळक्या टाक्या दुरुस्त करायला सुरुवात. पहिली दोन वर्षं तो पार्टनर होता, मग गावाला गेला, त्याची गन अजून आहे माझ्याकडं, दांडा वाकडाय पण चालते.

लोकांना वाटतं लीक काढणं म्हणजे गळतंय तिथं बाहेरून एम-सील थापलं की झालं. अहो पाणी आतून ढकलतंय, बाहेरचं लिंपण किती दिवस धरणार? आणि जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, म्हणून आतलं सगळं सील खरवडायचं, चारही कोपरे आणि तळ, एका कोपऱ्यापुरतं नाही. ब्लेड काचेला आडवं धरायचं, काचेकाचेमधल्या सांध्यात घुसवायचं नाही, टाकी त्याच्यावरच उभी असते. मग ॲसिटोनचा हात, दोन्हीकडनं मास्किंग टेप, सिलिकॉन एका दमात ओढायचं, ओलं बोट फिरवायचं आणि साय धरायच्या आत टेप काढायची. दोन-तीन दिवस व्हिनेगरचा वास येतो, तो गेल्याशिवाय पाणी भरत नाही मी. बाथरूमचं, बुरशी न धरणारं सिलिकॉन तर दुकानात ठेवतच नाही, त्यातलं औषध माशांना मारतं.

मधली वर्षं बरी गेली. आता 25 सप्टेंबर 2019.

दुकान अरण्येश्वरला, आंबिल ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. रात्री नऊला शटर ओढलं तेव्हा पाऊस जोरात होता, पण पाऊस काय पुण्यात नवीन नाही. सकाळी शटर अर्ध्यावर अडकलं, आत कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ. त्या रात्री आमच्या भागात माणसं गेली, त्यापुढं काचेचं काय सांगायचं, पण पोट त्याच्यावरच होतं. रिकामी टाकी म्हणजे होडीच, 23 टाक्या तरंगल्या, एकमेकींवर आपटल्या आणि सगळ्या फुटल्या. एकच राहिली, बँकवाल्या काकांची चार फुटी. ती टेस्टला भरून ठेवलेली, अडीचशे लिटर पाणी पोटात, स्टँडवरनं हलली नाही. बाहेरनं काच अर्ध्यापर्यंत चिखलानं लडबडलेली आणि आत पाणी नितळ, तळ दिसत होता. गळलं तर ओला व्हावा म्हणून खाली अंथरलेला पेपर मात्र वाहून गेला, म्हणजे टेस्ट पास का नापास ते कळलंच नाही 😄

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी लिहिलं 'फुटकी काच, भंगार'. मी म्हटलं काल रात्रीपर्यंत माल होता हा. असो. काका आले, चिखलात उभं राहून टाकीभोवती एक चक्कर मारली, ठरल्याच्या दुप्पट पैसे हातात ठेवले आणि म्हणाले पेपर माझ्या घरचा घे, परत टेस्ट लाव. सकाळचा रविवारच्या पुरवणीसकट आणून दिला. कोरडा राहिला तो.

खरा घाव नंतर बसला. चार वर्षं हाताखाली असलेला पोरगा दिवाळीनंतर यायचा बंद झाला आणि दोन गल्ल्या सोडून बोर्ड लावला, इथपर्यंत ठीक, मी पण कोणाकडनं तरी शिकलोच. पण गिऱ्हाईकाला सांगायचा, दादांकडच्या टाक्या घेऊ नका, त्या पुरात भिजल्यात. अरे टाकी भिजली तर काय होतं?? ती पाण्यासाठीच असते! पण लोकांनी ऐकलं ना. त्यात मार्चमध्ये लॉकडाऊन, भाडं थकलं, बायकोच्या शिवणावर घर चाललं. उघडल्यावर लोकांनी गच्चीवरच्या जुन्या टाक्या खाली काढल्या, घरी बसून मासे पाळायचे होते ना, आणि उन्हात वाळून सील उपटलेलं, मग आठवण आमची.

जुनी टाकी घेणार असाल तर कोपऱ्यातलं सिलिकॉन नखानं दाबून बघा, कड उचलत असेल तर भाव पाडा. वरची आधाराची काचपट्टी फुटलेली असेल तर घेऊच नका. चार फुटाच्या पुढं काच किती एमएम आहे ते स्वतः मोजा, विकणाऱ्याला विचारू नका. खाली थर्माकोल घाला. आणि पाण्यासकट टाकी हलवायची नाही, अगदी अर्धी असली तरी, दोघं तगडे असले तरी.

परवा एक जण पाच फुटी घेऊन आला, म्हणाला दोनदा दुरुस्त केली तरी गळतेय. ब्लेड लावलं तर जुन्या सीलवर नव्या सिलिकॉनचे दोन थर, सालीसारखे निघाले. कोणाचं काम ते विचारलं नाही, शेवटाला गन वर उचलताना उजवीकडं झटका द्यायची सवय मीच लावलीय त्या पोराला. खरवडायला दीड दिवस गेला. बिल पूर्ण लावलं.