मग टीबी कमी होतोय की वाढतोय?

हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो. मार्चमध्ये, २४ तारखेच्या जागतिक क्षयरोग दिनाच्या आगेमागे पेपरात बातमी येते की मुंबईत वर्षभरात टीबीचे साठ हजारांच्या आसपास रुग्ण सापडले. मग बिल्डिंगमधले काका जिन्यात गाठतात. "ताई, तुम्ही इतकी वर्षं पालिकेच्या टीबीच्या कामात काढलीत. जगात टीबी आटोक्यात येतोय म्हणतात, मग हा आकडा काय?"

काका, हा आकडा सापडलेल्यांचा आहे. किती जणांना टीबी झाला, ते तो सांगत नाही. शिवाय मुंबईत नोंद होणाऱ्यांत बाहेरून उपचारांसाठी आलेलेही असतात.

हा फरक कोविडच्या वर्षात स्वच्छ दिसला. जगभरात २०१९ मध्ये ७१ लाख नव्या रुग्णांचं निदान झालं होतं, २०२० मध्ये ५८ लाखांचं. कागदावर एका वर्षात तेरा लाख रुग्ण गायब. जंतू काही लॉकडाऊन पाळत बसला नव्हता. लोकल बंद होती, टीबी तपासणारी यंत्रं कोविडच्या तपासणीला लावली होती, आणि खोकला येतोय असं शेजाऱ्याला कळू द्यायचीही लोकांना भीती वाटत होती. पुढे टीबीचे मृत्यू वाढले ते त्यामुळेच. २०२३ मध्ये निदान ८२ लाखांवर गेलं. जागतिक आरोग्य संघटना १९९५ पासून हा हिशोब ठेवते, त्यातला हा तोवरचा सर्वांत मोठा आकडा, आणि आमच्या लेखी ती चांगली बातमी होती. वाईट बातमी त्याच्याच शेजारी होती: त्या वर्षी आजारी पडलेले अंदाजे १ कोटी ८ लाख. म्हणजे पाव कोटीहून जास्त माणसं नोंदीबाहेर खोकत होती. मेले साडेबारा लाख.

तर कमी होतोय का? होतोय, पण गोगलगायीच्या चालीने. २०१५ ते २०२३ या काळात जगात लाख लोकांमागे नव्या रुग्णांचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी घटलं. २०२५ पर्यंत ते निम्म्यावर आणायचं ठरलं होतं. भारत याबाबतीत जगापेक्षा बरा: लाखामागे २३७ वरून १९५. पण २०२५ मध्ये देश टीबीमुक्त करू ही आपली घोषणा होती, आणि त्या मापाने १९५ हा आकडा कुठल्याही भाषणात बसत नाही. घोषणेला माझी हरकत नाही, तिच्या जोरावर पैसा आणि यंत्रं आली. पण वर्ष उलटल्यावर हेल्थ पोस्टवरच्या, म्हणजे पालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रावरच्या, बाईला लोक विचारतात, मंत्र्याला नाही.

मुंबईत खरी प्रगती बघायची तर एमडीआरकडे बघा, म्हणजे नेहमीच्या मुख्य गोळ्यांना न जुमानणारा टीबी. जानेवारी २०१२ मध्ये हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या चार रुग्णांची बातमी जगभर गेली, की यांच्यावर तपासलेलं एकही औषध चालत नाही. त्याला 'टोटली ड्रग रेझिस्टंट' टीबी म्हटलं गेलं, आणि सरकारने त्या नावालाच आक्षेप घेतला. पण शिवडीच्या टीबी रुग्णालयात काम करणाऱ्या कुणालाही ती बातमी ऐकून धक्का बसला नसेल. तेव्हा एमडीआरचा कोर्स दोन वर्षांपर्यंत चालायचा. त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन. कानामायसिन. जंतू मेला तरी कान जायचे. तरुण मुलं-मुली बरी होऊन घरी जायची आणि आईची हाक त्यांना ऐकू यायची नाही.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचे कान असेच गेले, दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचेही. इंजेक्शनाची गरज संपवणारं बेडाक्विलिन हे औषध त्याच सुमारास बाजारात आलं, पण महाग. मूळ कंपनीला त्याच्या पेटंटची मुदत भारतात वाढवून हवी होती. या दोघींनी त्याला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यानंतर भारतीय कंपन्यांना ते बनवता आलं, जागतिक खरेदीत किंमत उतरली. टीबीच्या इतिहासात डॉक्टरांची नावं खूप आहेत. ही दोन पेशंटांची नावं मला त्यांच्याइतकीच मोठी वाटतात.

आता बेडाक्विलिनसोबत आणखी तीन औषधं देऊन बऱ्याच एमडीआर रुग्णांचा कोर्स सहा महिन्यांत आटोपतो, एकही सुई नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ही पद्धत सुचवली, आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यातल्या लिनेझोलिडने पाय बधिर होतात, रक्त कमी होतं, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. अगदी सुखाचा मामला नाही. तरी जगात असा टीबी बरा होण्याचं प्रमाण २०१२ मध्ये निम्मं होतं, ते २०२१ मध्ये उपचार सुरू झालेल्यांत ६८ टक्क्यांवर गेलं.

जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू १८८२ मध्ये दाखवला. आपल्या आनंदीबाई जोशी त्यानंतर पाच वर्षांनी टीबीनेच गेल्या, स्वतः डॉक्टर असून. टीबीवर चालणारं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडलं. आज सीबीनॅट यंत्र दोन तासांत जंतू आहे का, आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देईल का, दोन्ही सांगतं.

मग गाडी अडते कुठे? गोवंडी-मानखुर्दला या. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, या पुनर्वसनाच्या वसाहती. झोपडी गेली, पक्कं घर मिळालं, खिडकीही मिळाली. पण खिडकीसमोर हात लांब केला तर पोचेल अशी दुसऱ्याची खिडकी. खालच्या मजल्यांवर दुपारी दिवा लावावा लागतो. टीबी हवेतून पसरतो, ऊन-वाऱ्याने त्याचा जंतू विरळ होतो, मरतो. २०१८ मध्ये या वसाहतींचा अभ्यास झाला, त्यातही ऊन-वारा न पोचणाऱ्या घरांत टीबी जास्त आढळला. इमारतींच्या नकाशावर सही कुणाची असते, हा प्रश्न टीबीच्या बैठकीत कुणी विचारत नाही, कारण तो दुसऱ्या खात्याचा.

आणि पोट. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. निकाल २०२३ मध्ये आले. इतका फरक पाडणारी लस मोठ्यांसाठी अजून हातात नाही, बीसीजी १९२१ पासूनची आहे आणि ती मुख्यतः लहान मुलांना वाचवते. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आहारासाठी मिळणारे महिन्याचे पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. चांगलं झालं. पण ते पेशंटच्या खात्यात येतात आणि घरात जेवणारी तोंडं पाच. बाई ते पैसे एकटीसाठी अंड्यांवर खर्च करेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिचं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही.

सध्या आमचं सगळ्यात अवघड काम रुग्णांच्या घरातल्या धडधाकट माणसांना गोळ्या द्यायचं आहे. जंतू आत झोपलेला असतानाच मारायचा: आठवड्यातून एकदा, तीन महिने, बारा डोस. दारात उभं राहून हे समजावलं की उत्तर येतं, "मला काय झालंय?" खोकला नाही, ताप नाही, एक्स-रे साफ. नाक्यावर रोजंदारीला उभा राहणारा माणूस मळमळीच्या भीतीने सोमवार बुडवायला तयार नसतो. म्हणून आमच्या काही आरोग्यसेविका ताया डोस शनिवारी रात्री जेवणानंतर द्यायला लागल्या आहेत, म्हणजे मळमळलं तरी रविवार हाताशी असतो.