आमची वाटचाल: वेदी, गालिचा आणि एक फळी

सुरुवात एका मोडक्या बाकापासून झाली. मी सांगलीची, आर्किटेक्ट. नवरा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या लूथरन (मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) घरातला, सुतार. त्याच्या गावच्या चर्चमधला बाक दुरुस्त करायला गेलो, तर मंडळीने वेदीचं दुखणं पुढे केलं. त्याला आता बारा वर्षं झाली. चर्चच्या आतली मांडणी सुधारणारी आमची फर्म म्हणजे अजूनही आम्ही दोघं, गॅरेजमधलं वर्कशॉप आणि एक जुनी व्हॅन.

दुखणं असं, की वेदी मागच्या भिंतीला चिकटलेली, त्यामुळे प्रभुभोजनाच्या (भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) वेळी पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, लोकांकडे पाठ. मला त्यात काही खटकलं नाही. गाभाऱ्यातल्या पुजाऱ्याची पाठच बघत वाढले मी. पण पाळकबाई म्हणाल्या, खुद्द लूथरने १५२६ मध्ये लिहून ठेवलंय की वेदी अशी राहू नये, पाळकांचं तोंड लोकांकडे असावं. पण ते सवडीने होऊ द्या. ती सवड मिळायला बहुतेक ठिकाणी साडेचारशे वर्षं लागली! आम्ही वेदी चार पावलं पुढे आणली.

पुढच्या बऱ्याच कामांत आम्ही काही बांधण्यापेक्षा उखडलंच जास्त. मुख्यतः गालिचे. लूथरन माणसं एकाच वेळी चार वेगवेगळ्या आवाजपट्ट्यांत मिळून गातात आणि गालिचा ते गाणं गिळून टाकतो. मिनिआपोलिसमधलं वास्तुविशारद एलिएल सारिननचं १९४९चं क्राइस्ट चर्च लूथरन बघून या: समोरासमोरच्या भिंती मुद्दाम समांतर ठेवलेल्या नाहीत, आवाज दोन भिंतींमध्ये आपटत राहून गाणं गढूळ होऊ नये म्हणून. आमच्याकडे सारिनन नाही, पण गालिचा काढायची पटाशी आहे.

एक चूक सांगायलाच हवी. एका चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं जुनं दगडी कुंड आम्ही दाराशी, मधल्या वाटेच्या तोंडाला आणलं. आत येतानाच बाप्तिस्मा आठवावा, ही कल्पना. सगळे खूश. तीन आठवड्यांनी एक अंत्यविधी आला. शवपेटी सात फूट लांब, सव्वादोन फूट रुंद, चाकांच्या गाड्यावर. कुंडापाशी वळेचना. शेवटी सहा जणांनी ती उचलून, तिरकी करून, कुंडाच्या वरून नेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर गेलेल्या आजोबांच्या बायकोने माझा हात धरला. म्हणाली, "याच कुंडात बाप्तिस्मा झाला होता त्याचा."

कुंड आमच्या खर्चाने दोन फूट बाजूला सरकवलं. तेव्हापासून व्हॅनमध्ये त्या शवपेटीच्याच मापाची प्लायवुडची फळी असते, खाली चाकं लावलेली. टेप काढायच्या आधी ती दारापासून वेदीपर्यंत ढकलत नेतो. मंडळीतलं कुणीतरी विचारतंच, हे काय? नवरा म्हणतो, "माप."